लगामाच्या आधी

सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताच्या यात्रेचा हा बाजार जुना आणि दूरवर नाव असलेला. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी, नुकरा, सगळ्या तऱ्हेची जनावरं तिथे उतरतात. भाव कशावर ठरतो हे तिथे उघड दिसतं. रंग, उंची, कानांची टोकं, अंगावरचे भोवरे, आणि मग नाच. हलगी सुरू होते, घोडा पाय उचलून उचलून टाकू लागतो, भोवती रिंगण धरलं जातं, बोली चढते. त्याच घोड्याचा मागचा पाय हातात घेऊन खूर बघायचा म्हटला, की मालक आणखी दोन माणसांना हाक मारतो. ज्या घोड्याला नाचता येतं पण पाय देता येत नाही, त्याचं शिक्षण कळसापासून सुरू झालं आहे. हा लेख त्या काळजीपोटी लिहिला आहे.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची मी कल्पनेने उभे केले आहेत. त्यांची मतं मात्र घोडेवाल्यांमध्ये रोज ऐकू येणारी आहेत. मामा इंदापूर-फलटण पट्ट्यातले. वरातीला घोडे देतात, शिंगरं तयार करून विकतात. भाची पुण्यात रायडिंग स्कूलमध्ये शिकवते. दोघांच्या समोर सारंगखेड्याहून आणलेलं दोन वर्षांचं नुकरा शिंगरू उभं आहे आणि मामांना ते येत्या लग्नसराईला तयार हवं आहे. माझा कल भाचीकडे आहे, हे आधीच सांगतो. पण मामांनी पुढे जे सांगितलं आहे त्याच्याशिवाय भाचीची बाजू लंगडी पडते.

मामा : दात बघ याचे. अजून सगळे दुधाचे. अडीचचं झालं की मधले दोन पडतील. वय कोवळं आहे, शिकवायला हेच वय. एकदा अंगात रग आली की मग ऐकत नाही.

भाची : शिकवायला हेच वय, कबूल. पण काय शिकवायचं? तुम्ही आता याच्या तोंडात कडी घालणार, पाठीवर खोगीर टाकणार आणि चैत्र-वैशाखात नवरदेव वर बसवणार. दातांचंच बोलायचं, तर अडीचला मधले पडतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. दुधाच्या दाढाही याच काळात सुटतात. म्हणजे ज्या वर्षांत हिरड्या ठणकत असतात नेमकी तीच वर्षं आपण तोंडात लोखंड घालून तोंड ‘तयार’ करायला निवडतो. मग ते मान झटकतं, आणि आपण म्हणतो, खोड आहे.

मामा : माझ्या वडिलांनी अशीच शिंगरं धरली. वीस-वीस वर्षं चालली घोडी.

भाची : आजोबांची घोडी बाजारला जायची, शेतावर जायची. मागच्या पायांवर उभी राहत नव्हती. घोड्याचं हाड टोकाशी वाढतं. त्या टोकांचे कोवळे थर खुरापासून वर वर पक्के होत जातात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचा थर दोन-अडीच वर्षांत पक्का होतो. पाठीच्या मणक्यांना पाच-साडेपाच वर्षं लागतात. पाय बघून तुम्हाला वाटतं घोडा झाला. पाठ अजून शिंगराचीच असते आणि आपण बसतो पाठीवर.

मामा : मग महालक्ष्मीला काय चालतं? रेसची दोन-दोन वर्षांची पोरं तिथं पळतात. डर्बी तर चार वर्षांच्याच घोड्यांची. शिकलेली माणसं आहेत ती, डॉक्टर हाताशी असतात. त्यांना कळत नाही का?

भाची : हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कोवळ्या वयात बेताचा जोर दिला तर हाड बळकट होतं, हे खरं आहे. दोन वर्षं नुसतं खुंट्याला बांधून ठेवलेलं शिंगरू काही त्याहून चांगलं निपजत नाही. पण जॉकी पन्नास-पंचावन्न किलोचा, काम मोजक्या मिनिटांचं आणि रोज पाय चाचपणारा माणूस हाताशी. इतकं असून तिथेही पाय मोडतातच. आपल्या वरातीत काय असतं? नवरदेव, त्याच्यापुढे बसवलेला पोरगा, जडावाचं खोगीर, आणि दोन-तीन तास डांबरावर उभं राहणं. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घ्यावं, असा हिशेब सांगतात. साडेतीनशे किलोचा घोडा धरला तर सत्तर किलो, तेही वाढ पुरी झाल्यावर आणि खोगिरासकट. नवरदेव एकटाच तेवढा भरतो.

मामा : बरं, वजनाचं सोड. वळण तर लावायला लागेल? जनावर आपल्या पाच-सहा पट वजनाचं. त्याला धाक बसला नाही तर एक दिवस ते आपल्याला चिरडेल. माझ्यासाठी पाया म्हणजे धाक. आधी धाक, मग लाड.

भाची : धाकानं ते तुमच्यापासून लांब कसं राहायचं ते शिकतं. आपल्याला ते जवळ हवं आहे. म्होरकी द्या इकडे. हे बघा, दोरी एवढीच ताणते आणि तिथेच धरून ठेवते. ओढत नाही. त्यानं मान वर केली, कान मागे पडले. मी तशीच. आता डावीकडे झुकून बघितलं, तरी दोरी तेवढीच. आता वजन पुढच्या उजव्या पायावर आलं, खूर अजून उचललासुद्धा नाही, आणि सोडली दोरी. बघा, मान खाली आली, ओठ हलले, जीभ फिरवली. पुन्हा. या वेळी पाऊल टाकेपर्यंत थांबते. टाकलं! सोडली. दोरी ताणल्यानं त्याला नुसता त्रास कळला. पुढे यायचं हे कळलं ते दोरी सुटली त्या क्षणी. तो क्षण उशिरा आला, तर जे तेव्हा चाललं असेल तेच ते शिकतं. मान झटकताना दोरी सैल पडली, तर मान झटकणं शिकतं.

मामा : तू पहिल्यांदा दोरी सोडलीस ते मला कळलंही नाही.

भाची : त्याला कळलं. बर्लिनमध्ये 1904च्या सुमारास हान्स नावाच्या घोड्याचा मोठा बोलबाला झाला होता. विचारलेल्या बेरजेचं उत्तर तो खूर आपटून द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकानं शोधून काढलं की गणित त्याला काहीच येत नव्हतं. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, ते बघून तो थांबायचा. त्या माणसाला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. एवढं बारीक वाचणाऱ्या जनावराशी आपण काठीनं बोलतो.

इथे मला एक भर घालावीशी वाटते. भाचीने दाखवलं ते सोपं दिसतं, पण त्यात घोड्याइतकंच माणसाचं शिक्षण आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वाराला सुरुवातीला लांब दोरीवर फिरणाऱ्या जाणत्या घोड्यावर बसवतात, रिकीब नाही, लगाम नाही. मांड पक्की झाल्यावरच हातात लगाम मिळतो. ज्याचा तोल लगामावर असतो, त्याला लगाम वेळेवर सोडता येणारच नाही. आपल्याकडे शिंगरू धरायला बहुधा घरातला सगळ्यात दांडगा पोरगा पाठवतात. माझ्या मते तिथे सगळ्यात हलक्या हाताचा माणूस हवा, मग तो कुणी का असेना.

मामा : हात हलका हवा, हे मला सांगू नकोस. माझ्या वडिलांचा काटेरी लगाम मी वीस वर्षांपूर्वीच फेकून दिला.

भाची : बरं केलंत. जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या 1965च्या नियमांनी तसल्या लगामाला बंदीच आहे, तरी बाजारात दिसतो अजून.

मामा : पण आता माझंही ऐक. तुझ्या शाळेतला घोडा मी बघितला आहे. गोल फिर म्हटलं फिरतो, थांब म्हटलं थांबतो, तुकतुकीत अंग. फाटकाबाहेर काढला आणि उसाची ट्रॉली आली, तर तुमच्या मास्तरांना त्याला आवरता येईना. मग कशाला पाया म्हणायचं? तू धनगरांचा वाडा बघितलास कधी? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर माघारी येतात. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. भांडी, वाकळा, पाय बांधलेल्या कोंबड्या, चालायला न येणारी कोकरं, कधी त्यावर बसवलेलं लहान पोर. आणि घोडीच्या मागं मोकळं शिंगरू. त्याला कोण शिकवतं? घाट ते आईबरोबर उतरतं, ओढा आईबरोबर ओलांडतं. ट्रक आला की आईच्या आडोशाला होतं. कुत्री भुंकतात, मेंढरं पायात येतात, रात्री जाळ पेटलेला असतो आणि त्याच्या उजेडात ते उभं असतं. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या पाठीवर पहिल्यांदा वाकळ टाकतात, तेव्हा मागं वळून बघतसुद्धा नाही. भीमथडी म्हणतात ती हीच घोडी. आता तिची वेगळी जात म्हणून सरकारी नोंद झाली, चांगलं झालं. पण तिचा पाया कुठल्या रिंगणात घातला, सांग मला.

भाची : मामा, या बाबतीत मला काही बोलायला जागा नाही. आमच्याकडे शिंगरू सहाव्या महिन्यात आईपासून तोडतात, एकटं खोलीत ठेवतात, दाणा भरपूर आणि चालणं दिवसातून तासभर. मग ते कागदाच्या कपट्याला बुजतं. त्याला शब्द शिकवले, पण जग दाखवलंच नाही. वाड्यावरचं शिंगरू रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतं, खडकावर, चिखलात, उतारावर. त्याचे खूर, सांधे, धीर, सगळं बरोबरच तयार होतं. आमच्या शाळांनी हे शिकायला हवं, आणि मी हे माझ्या लोकांसमोरही बोलेन.

मामा : हं. मग?

भाची : मग आता मला सांगा, त्या शिंगराला ट्रकची सवय कशी लागली? कुणी त्याला खांबाला बांधून शेजारी ट्रकचा हॉर्न वाजवला?

मामा : (जरा थांबून) नाही. ते बाजूला व्हायचं. आई चालत राहायची, म्हणून ते परत यायचं.

भाची : बाजूला व्हायची त्याला मोकळीक होती. आणि आपण काय करतो? दोन खांबांच्या मध्ये बांधतो आणि सुतळी बॉम्ब लावतो.

मामा : दोन-तीन दिवस उड्या मारतं, मग शांत होतं. वरातीत फटाके वाजणारच. सवय नको?

भाची : ते शांत होत नाही, मामा, गप्प होतं. तुम्ही इतकी वर्षं घोड्यांत काढलीत, फरक तुम्हाला माझ्याहून जास्त दिसतो. डोळ्याच्या वर सुरकुतीचा कोन झालेला असतो. नाकपुड्या ताणलेल्या, जबडा आवळलेला. लीद पातळ. समोर दाणा ठेवला तर तोंड लावत नाही. पळता येत नाही एवढंच त्याला कळलेलं असतं. आत भय तसंच आहे. मग एक दिवस वरातीत म्होरकी हातातून सुटते, त्याला पळायला वाट दिसते, आणि ते चौखूर उधळतं. लोक म्हणतात, इतका गरीब घोडा, अचानक काय झालं.

मामा : असं झालेलं मी बघितलं आहे. गर्दीत. (गप्प) मग तू कसं करशील?

भाची : वाड्यावर होतं तसंच, पण ठरवून. हलगी वाजवणारा पोरगा बांधाच्या पलीकडे, लांब. शिंगरू इथे गवत खातंय, शेजारी आपली म्हातारी घोडी, जिनं शंभर वराती बघितल्या. तो वाजवेल तेव्हा हे मान वर करेल. करू दे. परत गवताला तोंड लावलं की तो एक पाऊल पुढे येईल. चावणं थांबलं की तो थांबेल. तोंडातलं गवत हेच आपलं माप. आणि सगळं दोन्ही बाजूंनी करायचं, कारण डाव्या अंगाला पटलेली गोष्ट उजव्या अंगाला नवीच वाटल्यासारखं घोडं पुष्कळदा वागतं. त्याला जवळजवळ चहूकडून दिसतं, तेव्हा मागून काही येऊ लागलं की मान न वळवताच ते बुजतं. अगदी शेपटीमागचं मात्र दिसत नाही, म्हणून तिथे जाताना आधी आवाज द्यायचा, हात पुठ्ठ्यावर ठेवून फिरायचं. हे तुम्ही करताच.

मामा : ते करतो. खराराही मीच करतो, गड्याला देत नाही. खरारा करताना घोडं कुठं अंग चोरतं, कुठं मान लांब करून ओठ हलवतं, त्यावरून मला त्याचं सगळं कळतं.

भाची : मग पाया तुम्ही रोज सकाळी घालताच आहात. संध्याकाळी नाचकामाला जे दोघे काठी घेऊन येतात, ते तो उखडतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

मामांची ही दोन रूपं मला खोटी वाटत नाहीत. खरारा करणारा हात आणि सुतळी बॉम्ब लावणारा हात एकाच माणसाचा असू शकतो, कारण पहिलं त्याने स्वतः जाणून घेतलेलं असतं आणि दुसरं बाजाराने त्याच्याकडून मागितलेलं असतं. झेनोफन या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर पुस्तक लिहिलं. शिंगरू चाबुकस्वाराकडे देण्याआधी ते माणसाळलेलं असावं आणि त्याचं पोटपाणी, माश्यांपासून सुटका, सगळं माणसाच्या हातून व्हावं, असं तो सांगतो. त्याला गर्दीतून न्यावं, आवाज ऐकवावेत, भ्यालं तर न मारता समजावावं, असंही सांगतो. मामांची वाट आणि भाचीचा हात दोन्ही त्यात आहेत. आणि त्याच पुस्तकात, दडपून करवून घेतलेली घोड्याची चाल चाबकाखाली नाचणाऱ्या नर्तकासारखीच सौंदर्यहीन असते, असा त्याचा मुद्दा आहे. तेवीसशे वर्षांहून जुन्या या पुस्तकातला दाखला नेमका नाचाचा असावा, आणि आपल्याकडे तो नाचाच्याच घोड्याला लागू पडावा, याने मला फार अस्वस्थ केलं.

मामा : म्हणजे नाच नकोच म्हणतेस?

भाची : नाच हवा! घोडा नाचतो तेव्हा त्याच्याइतकं देखणं काही नाही. हांगझोच्या एशियाडमध्ये 2023 साली आपल्या चार पोरापोरींनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, आठवतं? त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजच्या वरच्या पायरीवर पियाफ नावाची चाल असते. घोडा जागच्या जागी दुडकी चालतो, तिरप्या जोडीचे पाय तालात उचलतो, पाठ गोल, वजन मागच्या पायांवर. आपल्या नाचाची ती सख्खी बहीण. पण तिथे ती शेवटी येते. जर्मन लोकांची शिकवण्याची पायरी अशी, की आधी चालीत ताल, मग अंगात सैलपणा, मग लगामाशी हलका विश्वासाचा संबंध. पुढे मागच्या पायातला जोर, सरळपणा आणि अगदी शेवटी अंग एकवटणं. व्हिएन्नाची ती शाळा 1572 पासून चालू आहे. तिथे घोडा चार वर्षांचा झाल्यावर कामाला लागतो आणि पुरा तयार व्हायला आणखी सहाएक वर्षं घेतात. तुम्ही जिथून सुरू करता, तिथे ते दहाव्या वर्षी पोहोचतात.

मामा : व्हिएन्नाच्या घोड्याला चारा कोण घालतं? सरकार. माझ्या घोड्याला मी घालतो. कडबा महाग, हरभरा महाग, नालबंदाला द्यायचे वेगळे. दहा वर्षं सांभाळून विकायला मी काय राजा आहे? जुन्या काळी बारगिराला सरकारी घोडा मिळायचा, शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा. घोडा गेला की त्याची भाकरी गेली, म्हणून तो जिवापाड जपायचा. मी जपून करू काय? माझं जनावर दोन वर्षांत दुसऱ्याच्या दारात जातं.

भाची : म्हणूनच ते दारोदार फिरतं. सहा महिन्यांत पाय आखडतो किंवा चावायला लागतं, मग घेणारा कमी भावात पुढच्याला देतो. आणि शेवट कुठे होतो, ते तुम्हाला माहीत आहे.

मामा : (बराच वेळ शिंगराच्या मानेवरून हात फिरवत) माहीत आहे. चल, तुझं अर्धं ऐकतो. या लग्नसराईला हे जाणार नाही. म्हातारीच्या मागं मोकळं चालवू, वाड्यावर चालतं तसं. पण चार वर्षांचं होईपर्यंत थांबणं मला जमायचं नाही. साडेतीनला पाठीवर माणूस बसेल.

भाची : हलका माणूस, नुसत्या चालीवर, वीस मिनिटं, मऊ रानात. त्यात मी भांडणार नाही. नाच मात्र पाचच्या आधी नाही.

मामा : ते बघू.

भाची : बघू नाही, मामा.

मामा : बाजारात उभं केल्यावर गिऱ्हाईक हलगीच मागणार. त्याला मी दाखवू काय? जनावर शहाणं आहे, असं तोंडानं सांगू?

भाची : तोंडानं नका सांगू. गिऱ्हाइकाच्या हातात म्होरकीची दोरी द्या आणि म्हणा, ताणू नका, नुसतं चालायला लागा. ते मागे येईल. त्यालाच चारही पाय एकेक करून उचलायला सांगा, दुसऱ्या माणसाला हाक न मारता. बाकीच्या घोड्यांपासून दूर त्या टोकाला नेऊन आणायला सांगा. बाजारातली निम्मी जनावरं त्यात खिंकाळून गोंधळ घालतील. पोटाखाली तंग आवळा आणि ते कान मागे टाकतं का बघू द्या. ओठ वर करून दातांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्याचा अंगठा घालू द्या. आणि हलगी मागितली तर वाजवा की. सगळा बाजार दणाणत असताना हे दाण्यातून तोंड काढत नाही, ते दाखवा आणि त्याचा भाव सांगा.

मामा : यंदा तो भाव कुणी द्यायचा नाही.

भाची : यंदा नाही. आपल्या दारातून अशी पाच-सहा जनावरं गेली, आणि ती पाच वर्षांनी त्याच मालकाकडे धडधाकट दिसली, की लोक शिंगराच्या रंगाआधी तुमचं नाव विचारत येतील. तोवर याच्या कडब्याचा अर्धा खर्च माझ्या पगारातून घ्या. आणि दर रविवारी मी येते, तेव्हा नाचकामाच्या त्या दोघांनाही बोलवा. हात त्यांचाही चांगला आहे, त्यांना आजवर कुणी दोरी कधी सोडायची ते दाखवलं नाही.